आधी माणसं जेवू दे

आईच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात तिच्यासाठी पाच जण एका टेबलाभोवती बसले. ऑपरेशनचे डॉक्टर, सलाइनमधून औषध देणारे, किरणांचा शेक देणाऱ्या बाई, आहाराच्या बाई आणि एक सिस्टर. आईचा विचार करायला एवढी माणसं आधी कधी एकत्र बसली नव्हती. तिचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा बोलणी जास्त बैलजोडीचीच झाली होती म्हणे.

त्यांचं ठरलं : आधी औषध आणि शेक, मग ऑपरेशन. अट एकच, वजन उतरता कामा नये. तिला पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता, म्हणून पोटाला नळी बसवली. दर दोन तासांनी पिचकारीने त्यातून पातळ, गाळलेलं अन्न सोडायचं. आहाराच्या बाईंनी ते माझ्याकडून करून घेतलं. ‘‘हे चुकलं तर आमचं बाकीचं सगळं वाया,’’ त्या म्हणाल्या.

मी सासरहून बाभुळगावजवळच्या माहेरी येऊन राहिले. घरात दूध होतं, अंडी होती, डाळ होती. कमी होती ती आईला अक्कल आणि बाकीच्यांना लाज.

आमच्या घरी माणसांच्या आधी बाई जेवत नाही. माणसं म्हणजे पुरुष. बायका त्यात धरत नाहीत. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, वेचायला मजूर लावणं परवडत नव्हतं. बाबा आणि दोघे भाऊ स्वतःच वेचायला जात आणि दुपार कलल्यावर परतत. तोवर आई नळीचं झाकण मुठीत दाबून बसे.

‘‘आई, हे जेवण नाही, औषध होय.’’

‘‘डाळ हाये त्याच्यात, मले वास येते. माणसं उपाशी अन् मी गिळू काय?’’

‘‘मरशीन अशानं.’’

‘‘मंग मरीन. आधी माणसं जेवू दे.’’

मूठ सोडवायला गेलं की चावायची. खरंच चावायची.

बाबांना म्हटलं, तुम्ही एकदा सांगा, तुमचं ऐकेल. ते ताटावर बसले होते. ‘‘म्या कधी नाही म्हटलं? खाय म्हण तिले,’’ माझ्याकडेच बघत म्हणाले आणि भाकर मागितली. आई नळी कमरेला खोचून उठली आणि वाढायला गेली.

दवाखान्यात विचारलं की ती हसून सांगे, ‘‘सगळं घेतो ना बाई.’’ वजनकाट्यावर उभी राहिली की खोटं उघडं पडे. मी खरं काय ते सांगून टाकलं. आहाराच्या बाईंनी बाबांना बोलावून खडसावलं. बाबा ‘हो, हो’ म्हणाले आणि घरी येऊन जेवायला बसले.

शेवटी ते पाच जण पुन्हा बसले. हे शरीर ऑपरेशन सोसणार नाही, आता फक्त दुखणं कमी करू, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, ‘‘घरात खायला नव्हतं का?’’

‘‘भरपूर हाये साहेब. थेच खात नव्हती.’’

मला बाबांचा गळा धरावासा वाटला. अजून वाटतो.

हिवाळा सरायच्या आत आई गेली.

दहाव्याला बायकांनी नदीवर यायचं नसतं म्हणाले. मी गेले. पिंड ठेवला, कावळा शिवेना. तो शिवल्याशिवाय घरी पंगत बसणार नव्हती. ऊन चढलं. बाबांनी हात जोडून काय काय कबूल केलं : नातीचं लग्न चांगलं करू, गाय विकणार नाही. कावळे बाभळीवर बसून होते. बाबांना भूक सहन होईना.

‘‘काहून शिवून नाही राह्यला? आता काय राह्यलं तिचं?’’

‘‘तुम्ही जेवले नाही ना अजून,’’ मी म्हटलं. ‘‘जेवून घ्या. मंग खाईन आई.’’

मोठ्या भावाने दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, आणि माणसं जेवायला गेली.