बारीक काडतूस

माझी गोळी डुकराला लागलेली मला दिसली होती. तरी मी ‘चुकली’ म्हणालो, कारण अंधार पडत असताना झुडपात शिरायची मला भीती वाटली.

तेव्हा, ऐंशीच्या सुमारास, मी महाप्याला एका कारखान्यात नोकरीला होतो आणि तळवलीच्या एका शेतकऱ्याबरोबर भाताची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या मागे जायचो. हे दादा प्रत्येक काडतूस लुंगीच्या टोकानं पुसत आणि काडतुसावरून माणूस ओळखत. त्यांना स्वतःला थ्री-फिफ्टीन रायफलचं जाडजूड काडतूसच लागे. “जनावर जागेवर पडाया पायजे. मना तडफड बघवत नाय.” माझं पॉइंट टू-टूचं बारीक काडतूस चिमटीत धरून ते हसत. “साहेब, ही गोली आवडनारा मानूस गोड बोलतो, आन काम अर्धं टाकून घरी जातो.” मीही हसायचो.

मी ‘चुकली’ म्हणालो त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांना बांधावर रक्त दिसलं. जखमी जनावर तडफडत राहील म्हणून ते एकटेच झुडपात शिरले, आणि डुकरानं त्यांची मांडी फाडली. कारखान्याच्या गेटवर हे ऐकलं आणि मी कामावर न जाता तसाच मागे फिरलो.

इस्पितळात मला पाहताच तेच समजूत घालू लागले. “तोंड कशाला पाडलाय, साहेब? दुसऱ्या कुनी मारला असंल. तुमची तं चुकली ना!”

इतका विश्वास बघून मी हादरलो.

“चुकली नव्हती, दादा,” मी म्हणालो. “लागलेली मला दिसली होती. मी घाबरून खोटं बोललो. मला माफ करा.”