अंबाड्याखालचं भोक

"भोक कोणी बुजवलं? अरे बोला की! तोंडात शाडू भरलाय काय सगळ्यांच्या? भोक कोणी बुजवलं?"

ओरडणारा मी. सकाळचे नऊ वाजलेले, पेणमधलं माझं पत्र्याचं शेड, समोर नुकतीच उघडलेली विजेची भट्टी — आणि भट्टीत पाच बायकांच्या ठिकऱ्या. कुठे पदर, कुठे कोपर, कुठे नुसतं नाक. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून आठ कारागीर आवाज ऐकून धावत आलेले. भट्टीचा नाही हो, माझा आवाज ऐकून.

ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. माझ्या प्रदर्शनाला येऊन ही गोष्ट न ऐकता परत गेलेला माणूस विरळाच. मी सांगतो की भट्टीचा धमाका पार गडब गावापर्यंत गेला. हायवेवर एसटी थांबली, ड्रायव्हरने खाली उतरून चारी टायर तपासले, आणि एका म्हातारीने बसमध्येच रामरक्षा सुरू केली. लोक हसतात. मीही हसतो.

एसटी थांबली नव्हती. धमाका कोणीच ऐकला नाही. आमचं मांजर भट्टीच्या उबेला झोपलेलं होतं, ते झोपूनच राहिलं. एवढं फुगवणं तुम्ही मला माफ केलंच असतं — पण या गोष्टीत एक वाक्य आहे, जे मी कधीच फुगवलं नाही. गेली अकरा वर्षं तेवढंच साधं, सरळ, हळू आवाजात सांगत आलो. आणि नेमकं तेच खोटं आहे. हे बायकोला सांगितलं नाही, सख्ख्या भावाला सांगितलं नाही. आज सांगणार. मध्येच इकडेतिकडे पळायला लागलो तर मला ओळखता तुम्ही — शेपूट धरा आणि ओढा.

आधी मी कोण ते. आमचं घर गणपतीवाल्यांचं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आजही शेजारच्या कारखान्यात गणपतीच करतो. मी मात्र भट्टीत भाजलेल्या मातीची चमत्कारिक जनावरं करतो. डोक्यावर तुऱ्याऐवजी सायकलची घंटा असलेला कोंबडा. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे पंख लावून उडायला निघालेली म्हैस. अॅल्युमिनियमच्या किटलीत बिऱ्हाड केलेला खेकडा, दाराला कुलूपसुद्धा. अण्णा म्हणतो, "याला देवानं हात दिले आन् मग चहा प्यायला गेला." बरोबरच आहे त्याचं.

चांगुणा मला सापडली गडबजवळच्या वीटभट्टीवर. चांगुणा वाघमारे, रोह्याकडच्या कातकरी वाडीतली. हंगामापुरती नवऱ्याबरोबर विटा पाडायला आलेली. कच्च्या विटांच्या रांगेवर तिने एक बस करून ठेवली होती, त्याच मातीची, वीतभर. बसच्या प्रत्येक खिडकीतून एकेक कोपर बाहेर आलेलं, आणि टपावर बसलेला माणूस खाली वाकून ड्रायव्हरशी भांडतोय. ड्रायव्हरचा जबडा असा पुढे काढलेला, की शिवी कोणती दिली असेल तेही कळावं. गोष्टीत माझी स्कूटर इथे शेतात घुसते. खरं म्हणजे मी ती नीट स्टँडवर लावली. पण किल्ली तशीच ठेवून त्या बसपाशी धावलो, हे खरं. मत्सर होता की आनंद? तेव्हा मला वाटलं आनंद.

त्या हंगामानंतर ती माझ्याकडे यायला लागली. रोह्याहून सकाळी यायची, दुपारनंतर जायची. दोन वर्षांत मी तिला शिकवलं ते झिलई कशी द्यायची एवढंच. जाळाचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं — लहानपणापासून वीटभट्टीवर राहिलेली बाई ती. ओली वीट आत गेली तर काय होतं, ते तिने मला सांगितलं. मी तिला नाही. पोकळ मूर्ती चहूबाजूंनी बंद करून भट्टीत घातली तर आतली ओल आणि हवा वाट मागते, आणि वाट नसली तर मूर्ती फुटते. म्हणून कुठेतरी एक बारीक भोक ठेवायचं. हे माझ्या शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मग तिने त्या पाच बायका केल्या. एका रांगेत चाललेल्या मोळीवाल्या, हातभर उंचीच्या. पहिलीच्या डोक्यावर मोळीऐवजी अख्खा डोंगर, झाडांसकट. दुसरीच्या डोक्यावर झोपलेला नवरा, त्याचे पाय तिच्या कानांवरून लोंबताहेत. तिसरीच्या डोक्यावर वीटभट्टी. चौथीच्या डोक्यावर ती बस, भांडणासकट. आणि पाचवीच्या डोक्यावर काहीच नाही. नुसता एक हात वर, ओझं धरल्यासारखा.

मी विचारलं, "हिचं ओझं राहिलं काय गो?"

"नाय," चांगुणा म्हणाली. "उतरवलं तिनं."

मला ते कळलं नाही. कळल्यासारखी मान हलवली.

मुंबईतल्या एका दालनात माझं प्रदर्शन ठरलं होतं. त्यात एक कोपरा तिचा, असं मीच बोललो होतो. मोठ्या मनाने! तिच्या नावाचं कार्ड छापून आणलं — चांगुणा वाघमारे, रोहा. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "रोहा कुठं लिवलंय, बोट ठेवा." मी बोट ठेवलं. मग तिने कार्डाची घडी घालून पदराच्या टोकाला गाठ मारली.

आता येतोय मी. येतोय — थांबा.

भट्टी लावायच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी एकटा त्या पाच बायकांसमोर. खोटं कशाला बोलू, मला त्या बघवत नव्हत्या. माझा घंटीवाला कोंबडा त्यांच्या शेजारी जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसत होता. मग मी त्यांच्यावर 'शेवटचा हात' फिरवायला घेतला. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ओला स्पंज घेतला, इथे गुळगुळीत कर, तिथे कड मोड. मालकाचा हात फिरला पाहिजे ना!

प्रत्येकीच्या अंबाड्याखाली, मानेवर, कडुलिंबाच्या काडीएवढं एक भोक होतं. असं बेमालूम ठेवलेलं की शोधल्याशिवाय सापडू नये. तुम्ही पेणचे असाल तर पुढचं तुम्हाला न सांगता कळेल. साच्यातून निघालेल्या गणपतीवर हवेची बारीक भोकं राहतात, ती बोटाने बुजवणं हे आमच्याकडे पोराला मिळणारं पहिलं काम. मूर्तीला भोक म्हणजे दोष. सहाव्या वर्षापासून माझ्या उजव्या अंगठ्याला एवढंच माहीत आहे — भोक दिसलं, माती लाव, दाब. पाचही बुजवली. दोन मिनिटंही लागली नसतील. तोंडाने शीळ घालत होतो. कोणतं गाणं तेही आठवतंय, पण ते राहू दे.

इथवर चूक म्हणा. हाताची सवय म्हणा. अशा चुकीचा कोणी कबुलीजबाब देत नाही. पुढे ऐका.

सकाळी भट्टी उघडली आणि मी ओरडलो. ओरडताना मला खरंच आठवत नव्हतं, देवाशपथ. आठ जण उभे होते. अण्णाचा जुना कारागीर म्हणाला, "वीटभट्टीवरची बाई ती, तिला काय कळतंय भोकाचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला ते किती सोपं वाटलं म्हणून सांगू! मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "चांगुणा, भोकं तू बुजवलीस."

ती म्हणाली, "मी नाय बुजवली."

एकदाच म्हणाली. मग वाकून ठिकऱ्या गोळा करायला लागली. मी तिला हात लावू दिला नाही. "राहू दे, आणखी नास नको," असं म्हणालो. आठ जणांसमोर. ती नळावर हात धुवायला गेली.

मग मी स्वतः खाली बसलो. चौथी की पाचवी ठिकरी असेल — अंबाड्याचा तुकडा हातात आला. भोकात मातीचा बोळा जसाच्या तसा भाजलेला, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा, मधोमध तिरपी चीर. माझ्या उजव्या अंगठ्यावर तिरपा व्रण आहे. लहानपणी साच्याला बांधायच्या तारेने कापला होता. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे तो व्रण. मी त्याच्यावरूनही गोष्टी सांगतो, त्यात मगर असते.

नळ चालू होता. ती पंधरा पावलांवर होती. आठही जण अजून तिथेच होते. एक वाक्य बोलायला किती दम लागतो? मी तर एका दमात म्हैस उडवणारा माणूस.

मी तो तुकडा खिशात टाकला.

ती आली, पदराची गाठ सोडली, कार्ड माती मळायच्या फळीवर ठेवलं आणि गेली. कोणाकडे बघितलं नाही. मी पाठमोरा, ठिकऱ्या मोजल्यासारखं करत.

अजून संपलं नाही. दालनातला कोपरा रिकामा राहणार होता ना! मी एक जुन्या दाराची फळी घेतली आणि तारेने, सळ्यांनी त्या ठिकऱ्या तिच्यावर बसवल्या. डोंगर अधांतरी, नवऱ्याचे पाय एकीकडे, बसच्या खिडकीतली कोपरं तारेवर. पाचवी मी घेतली नाही. डोक्यावर काही नसलेली बाई लोकांना अपुरी वाटेल असं वाटलं. तिच्या ठिकऱ्या शेडमागच्या खड्ड्यात टाकल्या. फळीला नाव दिलं 'धमाका'. कार्ड हवं होतं — तर तेच कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. 'धमाका', आणि खाली माझं नाव. गाठीच्या घड्या तशाच होत्या. एका बाईंनी घड्यांचंही कौतुक केलं, कागदसुद्धा किती विचार करून निवडलाय म्हणून.

आजवर माझ्या दुसऱ्या कशाचीच एवढी वाहवा झालेली नाही. प्रत्येक ठिकाणी फळीशेजारी उभा राहून मी गोष्ट सांगायचो, एसटीसकट, म्हातारीसकट, आणि मग आवाज खाली आणून ते वाक्य — "आमच्याकडे एक कातकरी बाई होती, तिने प्रेमाने भोकं बुजवली." 'प्रेमाने' हा शब्द मी नंतर घातला. त्याने लोकांचे डोळे ओले व्हायचे.

यंदा प्रदर्शन रोह्यात होतं. शाळेच्या हॉलमध्ये, चार दिवस. तिच्याच गावाकडे, तीच फळी, तीच गोष्ट — आणि माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. शेवटच्या दिवशी एका म्हाताऱ्या गुरुजींनी उठून विचारलं, "मग त्या बाईनं पुन्हा मातीला हात लावला का?"

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं. त्यांना काय उत्तर दिलं असेल मी? "बघू, चौकशी करतो" असं म्हणालो. लोक हसले, त्यांना वाटलं पुढे विनोद आहे.

त्याच दुपारी फळी उतरवताना कार्ड उलटं केलं. तिच्या नावाचं अक्षर फिकं झालंय, पण वाचता येतं. आता ते त्याच बाजूने राहणार. 'धमाका' हे नाव गेलं. जिथे जिथे ती गोष्ट सांगितली तिथे तिथे ती पुन्हा सांगणार, एसटी न थांबवता. लोक कमी येतील. येऊ देत. हे मी कोणाला विचारून ठरवलेलं नाही, आणि ते केल्याने काही फिटतं असंही नाही.

मग तिला शोधलं. खांब गावात, हायवेच्या कडेला, चार-पाच बायका चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, टोपल्या घेऊन बसतात, त्यात ती होती. केस पिकलेत. मला बघून तिने चिंबोऱ्यांवर पाणी शिंपडलं, बस्स. मी बाजूला ये म्हणालो नाही. आरोप आठ जणांसमोर केला होता, तर हेही लोकांसमोरच बोलायचं, असं घरूनच ठरवून निघालो होतो. उभ्यानेच सांगितलं — भोकं मी बुजवली. तू नळावर होतीस तेव्हाच मला कळलं होतं. मी गप्प बसलो. आणि तुझ्या बायका माझ्या नावावर लावल्या.

"कसली भोकं गो?" शेजारची विचारायला लागली. दुसरी म्हणाली, "गप गो, मानूस रडतंय." मी रडत नव्हतो. वाऱ्याने असेल.

खिशातून तो तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, तुकडा घेतला, भोकावरचा ठसा बघितला, मग उलटा करून अंबाड्याचा वळसा बघितला, जास्त वेळ. आणि तो मला परत दिला.

"मी आले व्हते शाळंत बघाया," ती म्हणाली. "बायका पाच व्हत्या. तुमी फळीवर चारच लावल्याव."