हाडकं सरांची एक रेघ

हाडकं सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक हाडूक असायचं. खरं नव्हे, प्लास्टरचं, करंगळीच्या टोकाएवढं, त्यांनीच घडवलेलं. आमच्या मुरुम गावच्या एसटी स्टँडवर चहा पिताना ते टेबलावर ठेवायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "वळखा बरं, कुणाचं हाय?" चहावाला एकदा म्हणाला, "कोंबडीचं दिसतंय सर. पण आमच्या हाटेलातलं न्हाय, आमी शाकाहारी!" सर सगळ्यांहून मोठ्यानं हसले आणि मग चहा गार होईपर्यंत सांगत बसले. सैबेरियातल्या एका गुहेत असंच एवढंसं हाडूक सापडलं, एका मुलीच्या करंगळीचं. त्यातला डीएनए वाचला, तर तो आपल्यासारखा नव्हता आणि निअँडरथलसारखाही नव्हता. माणसांची एक अख्खी हरवलेली शाखा. "चेहरा ठाऊक न्हाय, उंची ठाऊक न्हाय, निस्ती करंगळी. पण नातं लागलं की!"

आम्हाला ते विज्ञान शिकवायचे. त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. त्यांच्या स्वतःच्या वहीत "माणूस दोन लाख वर्षांपूर्वीचा" असं वाक्य होतं. मोरोक्कोतल्या जुन्या कवट्यांची बातमी आली तेव्हा त्यांनी आमच्यासमोर त्यावर एक रेघ मारली, वर तारीख घातली आणि शेजारी लिहिलं, "तीन लाख." म्हणाले, "चुकलो, तर एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. आपण काय समजत होतो, ते लपवायचं न्हाय."

मी ते मनावर घेतलं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात भाकरी पत्रकांत बांधली जायची आणि मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. सर मला "पत्रकवाली" म्हणायचे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "सर खरं बोलायला भीत नाहीत."

वर्षा-दोन वर्षांनी गावात बैलावर बसून हेळवी यायचा, घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवायला. सरांनी त्याला एकदा थेट वर्गात आणलं. त्यानं एका घराण्याच्या पिढ्या धडाधड वाचल्या. सर विचारत गेले, "ह्येच्या आदी कोण? आन् त्येच्या आदी?" शेवटी हेळवी वैतागला. "त्येच्या आदी वही न्हाय, गुरुजी." सरांनी टाळी वाजवली. "हितनं मागं माझी वही! आन् तिच्यात कुणाचंच घर येगळं न्हाय."

माकडापासून माणसापर्यंतच्या त्या रांगेच्या चित्राचा त्यांना भयंकर राग. "माणूस काय रेशनच्या दुकानाम्होरं उभा हुता?" म्हणून मी दहावीत असताना शाळेच्या भिंतीवर आम्ही रांग काढली नाही, नदी काढली. धारा फुटतात, दूर जातात, पुन्हा एकमेकींत मिसळतात. निअँडरथलची धार आली, करंगळीवालीची आली. शेवटी सगळ्या गल्ल्यांतल्या पोरापोरींनी रंगात बुडवून हात उमटवले, एकावर एक, कुणाचा कुठला ते कळू नये असे.

संस्थेच्या अध्यक्षांना तेच खटकलं. "आमच्या घराण्याची नोंद हेळव्याकडं हाय," ते म्हणाले, "आमची पोरं ह्या गिचमिडीत कशाला?" भिंत पुसायची असं ठरलं. मी पत्रक लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, "मुरुममध्ये निव्वळ शुद्ध रक्ताचं कुणी असेल, तर त्यानं पुढं यावं." सरांनी ते लाल शाईनं तपासलं. "छान. पण 'मुरुममध्ये' नको, 'जगात' घाल." वर म्हणाले, "पत्रकं वाट तू. बैठकीत मी बोलतो. भिंत पुसायची तर आदी माझ्या अंगावर रंग मारावा लागंल."

पत्रकं मी गावभर वाटली. संस्थेच्या बैठकीला वडिलांना आणि मला बोलावलं. अध्यक्षांनी पत्रक वाचून दाखवलं आणि विचारलं, "सर, हे तुमी बघितलं हुतं?"

लाल शाईचा कागद माझ्या दप्तरात होता. मी निवांत होते. सर बोलणार होते.

"न्हाय," सर म्हणाले. "मला दाखवलं न्हवतं. पोरीचा उतावळेपणा."

त्यांचा हात खिशावर होता, हाडकावर. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद बाहेर काढला नाही. का नाही काढला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो घेऊन बाहेर पडले, तर भिंतीपाशी सर स्वतः चुन्याची बादली घेऊन उभे होते. नदी अर्धी गेली होती. आता ते पोरांच्या हातांच्या ठशांवर चुना मारत होते.

मी म्हणाले, "सर, एक रेघ मारायची असते ना? तुम्ही तर सगळंच झाकलंत."

"घरी जा, पत्रकवाली," ते म्हणाले. वळले नाहीत.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. दहावीची परीक्षा मी जवळच्या उमरग्यातून दिली. सर पुढं निवृत्त होऊन लातूरला गेले. तेव्हा त्यांच्या नोकरीची वर्षं थोडी उरली होती, पेन्शन होती, घर होतं, सगळं मला कळतं. पण पत्रक एकट्या माझ्या नावावर ढकलायला यातलं काहीच पुरत नाही.

परवा बातमी वाचली. चीनमधल्या एका जुन्या कवटीच्या दातावरच्या किटणातून डीएनए मिळाला आणि तो करंगळीवालीच्याच लोकांचा निघाला. इतकी वर्षं करंगळी आणि इकडचे तिकडचे तुकडेच होते, आता त्या लोकांना चेहरा आहे. माझा हात आपसूक फोनकडं गेला. नंबर अजून "हाडकं सर" म्हणूनच होता. लावला नाही.

जुनी वही काढली. पहिल्या पानावरच्या वाक्यावर दाखल्याच्या दिवशी मी एक रेघ मारली आहे, वर तारीख आहे. त्या दिवशी रागानं पान फाडणार होते. फाडता आलं नाही, रबरही घेता आलं नाही. हाताला तशी सवयच लावून ठेवली होती त्यांनी.

खाली मी चेहऱ्याची बातमी लिहिली. वरचं वाक्य रेघेखालून अजून स्वच्छ वाचता येतं.