आत्याबाईंचा विळा

माझ्या सासरच्या अंगणात रोज सकाळी कुणी ना कुणी ओरडायचं. अमडापूरहून वडनेरला नवी सून म्हणून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलीपुढे बसले असताना बाहेरून असा हंबरडा आला की माझ्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. मला वाटलं, बैलानं कुणाला तरी शिंगावर घेतलं. दारात धावले, तर ओसरीखाली एक धिप्पाड माणूस उताणा पाडलेला, दोघे त्याच्या हातांवर बसलेले, आणि माझी सासू त्याच्या छातीवर गुडघा रोवून त्याच्या नाकात कडू दोडक्याचा रस पिळत होती. त्याला कावीळ झाली होती. रस आत गेला तसा तो टाचा घासायला लागला. नाकातून पिवळं पाणी आलं, मग लालसर, मग नुसतं रक्त. सासूनं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

"गिळू नको बे! थुक! कावीळ बाहीर येऊन राह्यली, अन् हा रडून राह्यला."

तिला आम्ही घरातले आत्याबाई म्हणायचो, आणि पुढं गावही तेच म्हणायला लागलं. हाड निखळलेलं, गळू पिकलेलं, दाढ किडलेली, पोर खंगलेलं, सगळं आमच्या अंगणात यायचं. कुणाकडून त्यांनी कधी पै घेतली नाही. शिवी आणि मार हीच त्यांच्या औषधाची अनुपानं. आमच्याशीही तोच कारभार, बसता लाथ उठता बुक्की. 'दुखतं का' असं मात्र त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. विचारलं की हात ढिला पडतो, म्हणायच्या.

मी काही गाय नव्हते. माहेरी माझ्या जिभेला सगळे घाबरून असत. पण आत्याबाईंच्या औषधाला मी हसत नव्हते, त्याला कारण माझा पाय. पहिल्याच वर्षी शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसला आणि पाय सुजून दुप्पट झाला. ह्यांनी मला बाजाराच्या गावी एका कंपाउंडरकडं नेलं. त्यानं कमरेत सुई टोचली, तिथंच गाठ धरली, आणि आता पायही दुखतो आणि बसताही येत नाही, अशी गत झाली. आत्याबाई हसल्या. भाजलेला कांदा आणि हळद यांचं पोटीस करून गरम गरम बांधलं, दोन दिवस सोडलं नाही. मग माझ्या मांडीवर बसून बाभळीच्या काट्यानं तळवा फोडला आणि दोन्ही अंगठ्यांनी असा पिळला की मी त्यांच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. त्यांनी मला उलट्या हातानं मारलं आणि पिळत राहिल्या. पू गेला, खुंटाचा तुकडा निघाला, आठवड्यात मी चालायला लागले. हे मी खोटं कसं म्हणू?

हल्ली मुलीकडं बुलढाण्याला गेले की शेजारच्या शिकल्यासवरल्या बायका मला हमखास ऐकवतात, "आजी, झाडपाल्याचं ते बरं. फायदा झाला नाही तरी अपाय तर नाही." माझं डोकंच फिरतं. बिबा काय कारखान्यात होतो? झाडालाच लागतो की. त्याच्या तेलानं आत्याबाई टाचांच्या भेगा बुजवायच्या, ते मी पाहिलंय. आणि त्याच बिब्यानं आमच्या गल्लीतल्या एका सुनेचा गुडघा उतला, फोडांनी भरला, तेव्हा ती खाजवत्या हातानं तोंडाला शिवली आणि तोंडाची साल निघाली, डोळे मिटले, आठ दिवस भिंतीला डोकं आपटत ती ओरडत होती, तेही मी पाहिलंय. धोतराही मातीतूनच उगवतो. झाडाला दयामाया नसते. कुणाला, किती, कशासाठी, हे कळत असेल तर ते औषध, नाहीतर हात दाखवून अवलक्षण.

आत्याबाईंना खूप गोष्टींत ते कळत होतं. एका गोष्टीत कळत नव्हतं, आणि ती गोष्ट म्हणजे विळा.

तान्ह्या पोराला छातीत कफ भरून ताप चढतो, श्वास घेताना बरगड्या आत जातात आणि पोट भात्यासारखं उडतं, त्याला आमच्याकडं डब्बा म्हणतात. डब्ब्याला एकच इलाज, डागणी. आत्याबाई विळ्याचं टोक गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, लाल करायच्या, आणि पोराच्या बेंबीच्या दोन्ही अंगांना टेकवायच्या. टेकवायच्या म्हणणंही सोपं आहे. दाबायच्या. कातडीचा चर्र आवाज यायचा आणि अंगणात वास पसरायचा, पापड करपल्यासारखा. पोर आधी ओरडायचं नाही. तोंड उघडं, डोळे फिरलेले, आणि मग एकदम काळजाला घरं पाडणारी किंकाळी. आई दाराआड हमसून रडायची आणि आत्याबाई तिच्यावर ओरडायच्या, "ऐकलं का? दम आला! रडते म्हंजे जगते!"

आणि जगलेले होते, हे खरं. गावात कुणाही बाप्याला विचारा, तो सदरा वर करून डाग दाखवायचा. ह्यांच्या पोटावरही होते, बेंबीच्या दोन बाजूंना चकचकीत, सुरकुतलेले. आत्याबाईंची सगळी विद्या त्या दोन डागांवर उभी होती. ह्यांच्या आधी त्यांना दोन मुलगे झाले होते. दोघांना डब्बा झाला, दोघांना त्यांच्या सासूनं डागलं, दोघं गेले. आत्याबाई सांगायच्या, "बुढीचा हात कच्चा होता. वरवर लावे. तिसऱ्याच्या टायमाले म्या तिच्या हातातला इळा हिसकला अन् सोता खोल देल्ला. पाह्य, बैलावानी फिरते आता." तेव्हापासून त्या खोलच द्यायच्या.

मी नाल्यावर धुणं धुवायला जायचे. आमच्याकडं दात न आलेलं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. नाल्याच्या पलीकडच्या थडीवर ती जागा होती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बोरीच्या काट्या. एका पावसाळ्यात आत्याबाईंनी डागलेली लेकरं एकामागोमाग तिकडं गेली आणि नव्या काट्या पडत गेल्या. धुणं आपटता आपटता मी त्या थडीकडं बघत राहिले, आणि मला सरळ दिसलं. जगला तो सदरा वर करून दाखवतो. या काट्यांखाली निजलेल्यांच्या पोटावरही तसेच डाग होते, पण ते कुणाला दाखवणार? घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मायच्या समोर बोलू नको." मी बोलले नाही. अंगणातली ती लेकरं माझी नव्हती.

मग माझ्या मुलीला डब्बा झाला. ती आठ महिन्यांची होती. दोन दिवस आधी खोकत होती, आत्याबाईंनी ओव्याची धुरी दिली, अडुळशाचा रस चाटवला, मीच हौसेनं पानं ठेचली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं दूध सोडलं, ओठ निळसर झाले, नाकपुड्या उडायला लागल्या. मी तिला घेऊन ओसरीवर आले, तर आत्याबाईंनी आर फुलवलेला होता आणि विळा आत होता.

"नाही," मी म्हटलं. "मी तिले नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेतो."

"नांदुऱ्याले पोचेपर्यंत राहीन का हे? लेकरू हातातून जाऊन राह्यलं, अन् तुले सुया सुचून राह्यल्या? सुईनं ढुंगणावर गाठ आली तवा तुहा पाय कोणं बरा केला वं?"

"माह्या पायाचं वेगळं, आत्याबाई. इच्या पोटात खुंट नाही."

त्यांनी पुढं बोलायलाच दिलं नाही. माझ्या दंडाला धरून असा हिसका दिला की मी भिंतीवर आदळले, आणि मुलगी त्यांच्या हातात गेली. त्यांनी तिला पाटावर उताणी टाकलं, झबलं वर केलं. "धर रे पाय," त्या ह्यांना म्हणाल्या. आणि ह्यांनी धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यांनी धरले. ते इवलंसं पोट वरखाली उडत होतं, गोरं, कोरं. आत्याबाईंनी विळा बाहेर काढला.

मी झेप घेतली आणि तो विळा धरला. मूठ त्यांच्या हातात होती, मला पातंच सापडलं. हाताला आधी थंड वाटलं, मग चर्र झालं, आणि तोच वास आला. मी सोडलं नाही. आत्याबाई मोकळ्या हातानं माझ्या तोंडावर, कानावर मारत होत्या, माझा ओठ फुटला, तरी मी सोडलं नाही. शिव्या तर मी अशा दिल्या, ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं. मग मी डोकं खाली घालून त्यांच्या छातीत धडक मारली. त्या मागं पडल्या, जात्याच्या पाळीवर त्यांचं डोकं आपटलं आणि पांढऱ्या केसांतून रक्ताची धार लागली. विळा माझ्या हाताची कातडी घेऊनच खाली पडला. हे मुलीचे पाय सोडून आईकडं धावले. मी मुलीला उचललं आणि धावत सुटले. त्या धडकेबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मोठी सडक आमच्या गावाला लागूनच. मी सडकेच्या मधोमध उभी राहिले. कापसाच्या गठाणींचा एक ट्रक करकचत माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाला शिवी हासडत खाली उतरला, माझ्या हाताकडं आणि पदराला लागलेल्या रक्ताकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, आणि दार उघडलं. नांदुऱ्यापर्यंत त्यानं एक शब्द विचारला नाही. मी मुलीच्या तोंडाला कान लावून बसले होते. प्रत्येक श्वास मी माझ्याकडून ढकलत होते.

डॉक्टरांनी सुया दिल्या. पहिल्या रात्री ते म्हणाले, सांगता येत नाही. बाजूच्या खाटेवरचं लेकरू त्याच सुया घेऊन पहाटे गेलं, हेही सांगायला हवं. सुई म्हणजे देव नव्हे. दुसऱ्या दिवशी सायकल मारत हे आले, खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि मुलीच्या पायांना हात लावायला धजावले नाहीत. त्यानंतरच्या सकाळी तिनं डोळे उघडले आणि माझी चोळी ओढली. मी दवाखाना डोक्यावर घेऊन रडले.

आठवड्यानं आम्ही बैलगाडीनं घरी आलो. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या, डोक्याला फडकं बांधलेलं. वास्तविक मी भांडायच्या तयारीनंच आले होते. सुंठीवाचून खोकला गेला ना आत्याबाई, असं ठेवणीतलं वाक्यही वाटेत जुळवून ठेवलं होतं. मुलगी माझ्या कडेवरून त्यांच्याकडं झेपावली. तिला काय माहीत. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं, झबलं वर केलं, आणि बेंबीच्या एका बाजूला बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाजूला. पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मुलगी गुदगुल्यांनी खिदळत होती.

"कुठीसाच नाही," त्या म्हणाल्या. "न डागता जगली वं हे?"

"हाव."

आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मंग माह्ये ते दोघं... अन् त्या थडीवरचे... त्याइले आमी काहाले जाळलं वं, पोरी?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एवढी वर्षं त्या थडीकडं बघत मी तेच उत्तर घोटलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला. मी त्यांच्यापुढं बसले, दवाखान्याची पट्टी सोडली आणि हात पुढं केला. तळहाताची साल ताणली होती, बोटं उघडत नव्हती.

"कोरफड लावा आत्याबाई. आग होऊन राह्यली."

त्यांनी मुलीला ह्यांच्याकडं दिलं. परसातून कोरफडीचं पान आणलं, काटे तासले, आधी त्यातलं पिवळं कडू पाणी नीट गळू दिलं, मग पान मधोमध चिरलं. गर माझ्या तळव्याला टेकायच्या आधी त्या थांबल्या.

"लय दुखते का वं?" त्यांनी विचारलं.

"हाव, आत्याबाई," मी म्हटलं. "लय दुखते."