मानेचा विळखा

मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात, तिथे शनिवारी कुस्तीची रिंग उभी केली होती. टीव्हीवर दिसते तसली कुस्ती, कोण हरणार हे आधीच ठरलेलं. माझा नवरा महिन्यातून एकदा या खेळात दुष्ट माणूस होतो. चकचकीत काळी चड्डी, डोळ्यांत काजळ. लोक शिव्या घालतात आणि हा खूश!

मी प्रथमच पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं समोरच्या गड्याच्या मानेला विळखा घातला, दातओठ खाल्ले. लोक ओरडले, "सोड रे त्याला!" आणि मला त्याचे ओठ हलताना दिसले. त्या गड्याच्या कानाशी, अगदी हळू. गड्यानं डोळे मिटून किंचित मान हलवली. मग ह्यानं त्याला उचलून धाडकन आपटलं.

मला त्या आपटलेल्या गड्याचा असा हेवा वाटला, की टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या.

आमच्या घरात अकरा वर्षांत भांडण नाही. सासूबाई चारचौघांत कौतुकानं सांगतात. पण इतक्या जवळून तो माझ्याशी शेवटचं कधी बोलला, ते मला आठवेना. वैराचं सोंग करताना माणसं एकमेकांना किती जपतात! आम्ही नुसते गोडीनं राहतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्याच्या कानात काय म्हणालास?"

"काही नाही गं. गुडघा दुखत नाही ना, एवढंच विचारलं. उचलायचं होतं ना त्याला."

स्कूटरवर मागे बसून मी ओढणी सावरत होते, तेवढ्यात तो निघालासुद्धा. नीट बसलीस का, हे त्यानं विचारलं नाही.