नापासांची पेटी

दवाखान्यातल्या खाटा आणि स्ट्रेचर ज्या चाकांवर फिरतात, ती चाके बनवणाऱ्या कारखान्यात ताईंनी पहिली एकोणीस वर्षे तपासणीच्या टेबलाशी काढली. चाक हाताने फिरवायचे, कानाजवळ धरायचे आणि आवाजावरून पास की नापास ते ठरवायचे. विसाव्या वर्षी मालकांनी त्यांना कारखान्याचे प्रमुख केले. वयाने आणि नोकरीने त्यांच्याहून थोर असलेले फोरमनकाका तेव्हा म्हणाले, "कान तर तिखट आहेतच. आता तोंडही चालवा, म्हणजे झालं."

तोंड चालवण्याची वेळ चौथ्याच महिन्यात आली. खाटा बनवणारी एक परदेशी कंपनी तीन वर्षांचा करार करायच्या विचारात होती. करार झाला नाही तर दुसरी पाळी बंद पडणार होती. त्या पाळीत बेचाळीस माणसे होती. ताईंनी ही गोष्ट लपवली नाही. स्वतः यंत्रांमध्ये उभे राहून सगळ्यांना सांगितली.

कंपनीचा तपासनीस येणार म्हणताच दोन दिवस कारखाना धुऊन निघाला. जमिनीवरच्या पिवळ्या रेषा नव्याने रंगवल्या गेल्या. दारापाशी नापास चाकांची लाल पत्र्याची पेटी असे, ती उचलून मागच्या कोठीत गेली आणि कोठीला कुलूप लागले. "पाहुणा यायच्या वेळी धुण्याचा ढीग कोणी दिवाणावर ठेवतं का?" असे फोरमनकाका म्हणाले, हे खरे. पुढे काहींनी सगळा दोष त्यांच्याच माथी मारला, ते मात्र खरे नव्हे. कुलूप लावण्यापूर्वी त्यांनी ताईंना विचारले होते आणि ताईंनी बेलाशक होकार दिला होता.

तपासनीस आला तो गळ्यात भिंग अडकवून. त्याचे बोलणे समजावून द्यायला एक दुभाषी मुलगी होती; कारखान्यानेच तिला आठवड्यापुरते नेमले होते. पहिल्या अर्ध्या तासात कामगारांनी पाहुण्याचे 'भिंगसाहेब' असे बारसे उरकले. भिंगसाहेबांनी यंत्रे पाहिली, साचे पाहिले, रबराला नख लावून पाहिले. मग विचारले, "आज सकाळपासून नापास किती?"

"एकही नाही!" फोरमनकाकांनी छाती पुढे काढून सांगितले.

भिंगसाहेबांनी वही मिटली, पेनाला टोपण लावले आणि दुभाषीला दोन शब्द सांगितले.

"त्यांचं काम झालं म्हणताहेत," ती म्हणाली.

"बघा! तासाभरात पास!" फोरमनकाका ताईंकडे वळले.

ताईंना ते पटले नाही. ज्याला माल आवडतो, तो आणखी चार गोष्टी विचारतो. त्यांनी दुभाषीला बाजूला घेतले. "तू राहिली आहेस ना त्यांच्या देशात? तिथे कारखाना दाखवताना आधी काय दाखवतात?"

"नापास माल," मुलगी हळूच म्हणाली. "पेटी दिसली नाही की त्यांना वाटतं, इथे कोणी तपासतच नाही. नाहीतर लपवतात."

"अगं, मग परवाच का नाही बोललीस?"

"तुम्ही सगळे इतक्या हौसेने आवरत होतात... मोठ्यांना कसं सांगू?"

ताईंनी फोरमनकाकांपुढे हात केला. "काका, किल्ली."

"अहो, त्यांच्यासमोर? माझी अब्रू जाईल!"

"तुमची नाही जाणार. द्या."

पेटी बाहेर आली. फोरमनकाकांच्या सांगण्यात या गोष्टीला पाऊण तास लागला. फाटकावरच्या नोंदीप्रमाणे पाहुण्याची गाडी जेमतेम वीस मिनिटे ताटकळली. ताईंनी भिंगसाहेबांना सरळ सांगितले, "तुम्हाला दिलेलं उत्तर खोटं होतं. सकाळपासून सतरा चाकं नापास आहेत. पेटी माझ्या संमतीने आत गेली. आमच्याकडे पाहुण्यापुढे उणं मांडत नाहीत. पण तुम्ही पाहुणे म्हणून आला नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

भिंगसाहेबांनी वही पुन्हा उघडली आणि एक चाक उचलले. ते त्यांनी उलटे धरलेले पाहून फोरमनकाकांना राहवेना. "असं नाही हो, इकडून बघा. साचा निवायच्या आत काढलंय, म्हणून कड चेपली." मग दुसरे, मग तिसरे, सतराही चाकांची कुंडली त्यांनी मांडली. अब्रूचा विषय ते साफ विसरले.

आता भिंगसाहेबांनी कड चेपणाऱ्या कामगाराला बोलवायला सांगितले. त्यांच्या देशात ज्याची चूक तोच सर्वांसमोर ती समजावून सांगतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

"नाही," ताई म्हणाल्या.

दुभाषी अडखळली. "नाही... असंच सांगू?"

"असंच सांग. आणि कारणही सांग. मी त्याला माझ्या खोलीत, एकट्याला विचारीन. चारचौघांत उभा केला, तर उद्यापासून या पेटीत एक चाक पडणार नाही. सगळी यांच्या खाटांना लागतील."

भिंगसाहेबांनी बराच वेळ लिहिले. काय लिहिले ते सांगितले नाही.

पुढचे आठ दिवस फोरमनकाका रोज विचारत, "फोन करू या का?" ताई रोज म्हणत, "दुभाषी सांगत होती, त्यांच्यात अहवाल पाच जण वाचतात, मग बोलतात. वाचू द्या." त्या मागच्या आठवड्याचे नापास कारणांसकट कागदावर उतरवत बसल्या होत्या, हे काम कोणी मागितले नव्हते.

नवव्या दिवशी पत्र आले. करार तीन वर्षांचा होता. पेटी दाराशी असावी, कारणांची यादी दर आठवड्याला यावी. कामगारांची नावे नकोत.

दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला ताईंनी यंत्रे थांबवून ते वाचून दाखवले. टाळ्या ओसरल्यावर मागून कोणी विचारले, "ताई, म्हणजे आता नापास जास्त झाले तरी चालेल?"

"चालेल कुठे म्हटलं मी? दिसले पाहिजेत म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि बोलणे लांबू नये म्हणून पहिले यंत्र स्वतःच सुरू केले.