दाताच्या बुडाशी बडोदे

बडोद्याजवळच्या सावली गावी स्वतःचा कारखाना, ट्रॅक्टरचे गिअर करून खाऊन-पिऊन सुखी. मग साठीला या गृहस्थाला रेसची गाडी बांधायचं काय सुचलं, हे कोडं बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणालाच सुटलं नव्हतं. निदान गिअरबॉक्स तरी परदेशातून मागवा, असं सांगून लोक थकले. पण ऐकतील तर ते जनार्दनराव कसले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी आणखी एक टूम काढली. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गिअरवर, मग तो ट्रॅक्टरचा असो की रेसचा, 'बडोदे' असा ठसा. सपाट जागा गिऱ्हाइकाच्या नंबरानं अडलेली, म्हणून गावाचं नाव त्यांनी दाताच्या बुडाशी ठोकलं.

कोइम्बतूरच्या शर्यतीत अकराव्या फेरीला तिसऱ्या गिअरचा दात उडाला आणि गाडी जागीच बसली. तुटक्या गिअरचा फोटो संध्याकाळी मोबाइलवरून बडोदेभर फिरला. पोलाद खराब निघालं म्हणून सांगून टाकू, असं भागीदार जयवंतराव म्हणाले. जनार्दनरावांची लेक पूर्वी धातुशास्त्र शिकलेली. तिनं तुकडा भिंगाखाली धरला. चीर 'ब'च्या पोटातूनच निघाली होती.

"बाबा, पोलाद चांगलं होतं. आपला ठसा नडला."

चारचौघांत हसं झालं त्याचं काही नाही, पण चूक आपल्याच हौसेची, याची जनार्दनरावांना मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर कंपनीचे मुकुंदभाई आले. गोड बोलून त्यांनी बजावलं, की रेस सोडा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. "जनार्दनभाई, ए भूत काढो हवे." म्हणजे डोक्यातलं हे भूत आता काढा. जयवंतरावांनी टेबलाखालून जनार्दनरावांचा पाय दाबला.

जनार्दनरावांनी तुटका गिअर टेबलावर ठेवला आणि शेजारी ट्रॅक्टरचा. दोन्हींच्या बुडाशी तोच ठसा. जयवंतरावांचा चेहरा उतरला.

"चूक माझी. रेसमध्ये ती अकराव्या फेरीला कळली. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये कळायला पाच वर्षं लागली असती, आणि तेव्हा कुणीतरी भरलेली ट्रॉली घेऊन चढावर असता. दोन वर्षांचे सगळे गिअर परत पाठवा, नवे करून देतो. ऑर्डरचं तुम्ही ठरवा. गाडी मात्र डिसेंबरात पुन्हा उतरणार."

मुकुंदभाई बराच वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. मग फोन काढून त्यांनी आपल्या कारखान्यातली जुळणी तिथल्या तिथे थांबवायला सांगितली. ऑर्डरबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. जनार्दनरावांनीही विचारलं नाही. ते उठले आणि नवा तिसरा गिअर कापायला मशीनवर गेले.